देवरावकाका आणि गंधक

देवरावकाका आमच्या घरी आले की चहाच्या आधी रबरबँड जप्त करतात. दाराच्या कडीला अडकवलेले, फरसाणाच्या पुड्याचे, एकदा तर माझ्या मुलीच्या वेणीचेही. सगळे खिशात घालतात आणि देवघराकडे बोट दाखवून म्हणतात, "रबरात गंधक असते. तिकडे चांदी हाये, काळी पडन."

देवघर दोन खोल्या पलीकडे आहे हे सांगून सांगून मी थकलो. "गंधकाले दोन खोल्या म्हंजे काय?" म्हणत ते पुढच्या रबरबँडकडे वळतात.

काका आमच्या वर्ध्याच्या कॉलनीत शेजारच्याच घरात राहतात. वय एकाहत्तर. उभा जन्म एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढला. त्यामुळे जगातलं जे काही बिघडतं ते गंधकानं, असं त्यांचं ठाम मत. अंड्यात गंधक, कांद्यात गंधक, फटाक्यांचं तर विचारूच नका. माझी अॅसिडिटीही त्यांनी एकदा त्यातच बसवली.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या की रविवारी सकाळी सातला काका दारात हजर. बगलेत जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या. आठवडाभर कचेरीत मान मोडून आलेल्या माणसाला एकच रविवार असतो, आणि तो आमच्या करंड्याच्या, निरांजनाच्या नि दोन वाट्यांच्या पायी जातो. रांगोळीनं घासायला बंदी. टूथपावडरला बंदी. "चांदी घासाची नसते, समजवाची असते."

समजवायची म्हणजे अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, मीठ आणि उकळतं पाणी. भांडी पांढरीशुभ्र होतात, खोटं कशाला बोलू, पण घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पहिल्या वर्षी माझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ऐन सणाच्या तोंडावर मी स्वयंपाकघरात अंडी उकडली, असं तिनं धरलं होतं. काकांनी तिला अख्खा प्रयोग समजावून सांगितला. तेव्हापासून ती काकांशी बोलत नाही.

खुद्द काकांच्या घरात मात्र चांदीचा तुकडा नाही. तीन वर्षांपूर्वी कुसुमकाकू नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेल्या, तेव्हा महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि चांदीची सगळी भांडी त्यांच्यासोबत गेली. सण आता तिकडेच. काकाही गेले होते, पण चौथ्या दिवशी परतले. सुनेनं चांदीचं निरांजन भांडी धुवायच्या मशीनमध्ये टाकलं होतं. "ज्या घरी चांदी मशीनमंदी जाते, त्या घरी मी पाय ठेवत नाई," असं चारचौघांत बोलून ते जे निघाले, ते पुन्हा गेले नाहीत. सून माफी मागून दमली, मुलगा फोन करून दमला, काकांची समजूत घालता घालता मीही दमलो. तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा कसा, हे बहुधा त्यांना ठाऊकच नव्हतं.

यंदा आमची भांडी पुसून गेले, ते चष्मा विसरून. संध्याकाळी मी तो द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसलेले, मोबाइल नाकाला टेकेल इतका जवळ. पलीकडून काकू एकेक भांडं दाखवत होत्या.

"उजेडात धर वं. काठाले काळं हाये."

"कुठी काळं हाये? दोनदा पुसलं मी."

"आखीन पूस. अन् जवळ धर. आखीन जवळ."

काकूंनी निरांजन पुसलं, पुन्हा धरलं. पुन्हा काळं निघालं. मग वाटी. मग करंडा. तोही काळा निघाला.

मी दारातच थांबलो. चष्म्याशिवाय काकांना स्वतःच्या हाताची बोटं मोजता येत नाहीत, आणि चष्मा माझ्या हातात होता. मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी या माणसाला नुसता वैतागत होतो.

तेवढ्यात काकूंच्याही लक्षात आलं. "चष्मा कुठी हाये तुमचा?"

काकांनी मोबाइल आणखी जवळ धरला.

"मंग काऊन काळं काळं करून राह्यले?"

पलीकडे नातू कशासाठी तरी रडत होता.

"इथून नाई दिसत," काका शेवटी म्हणाले. "जवळून पाहा लागन."

"मंग या न," काकू म्हणाल्या. "कोण नाई म्हणून राह्यलं?"

फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसलो. त्यांनी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "पुण्याची गाडी भेटन का रे?"

सणाचे दिवस, गाड्या गच्च भरलेल्या. मी मोबाइलवर पाहिलं आणि म्हटलं, "काका, बसायलासुद्धा जागा मिळायची नाही. रात्रभराचा प्रवास आहे."

"उभ्यानं जाईन," काका म्हणाले.