खिशातली हेली

हरभऱ्यावर अळी दिसली. एकच. पण मी पडलो शाळेतला क्लार्क. एका अर्जावर तीन शिक्के मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून तीन औषधं एकाच पंपात कालवली आणि बनियनवर, उलट्या वाऱ्यात फवारायला निघालो. अळीचं काय झालं ठाऊक नाही. मला मात्र चक्कर, उलट्या आणि अहमदपूरच्या दवाखान्यात तीन सलाईन.

डोळे उघडले तर उशाशी पुनम, म्हणजे आमची मंडळी, रडत होती. मी विरघळलो. डोळे पुसून ती म्हणाली, "पुन्हा पंपाला हात लावलात तर मीच तुमच्यावर फवारीन!"

पंप कुलपात गेला, अळ्या मोकाट. शेवटी मुज्तबाभाईंच्या कृषी केंद्रात गेलो.

"भाई, जालीम नको. सभ्य काहीतरी द्या."

"रामलिंगभाऊ, आधी मोजा, मग मारा," ते म्हणाले. "हे कामगंध सापळे. ही आतली आमिषाची गोळी, ल्यूर. हिला मादीचा वास हाय. नर पतंग फसतो, आपल्याला अळीचा अंदाज येतो. लईच वाढली तर निंबोळी अर्क. त्योबी तोंड बांधून, वारं बघून. आन् ल्यूर खिशात ठेवू नका."

मी ते खिशात ठेवले. (सूचना ऐकायची सवय असती तर सलाईन कशाला लागली असती?)

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावरून हाक आली. हाक कसली, आरोळीच. पुनमच्या एका हातात माझा शर्ट, दुसऱ्या हातात पाकीट. त्यावर छापलेलं: 'हेली ल्यूर. मादीचा गंध. नर हमखास येतो.'

"ही हेली कोण?"

"अगं, हरभऱ्यातली!"

"शेतात भेटता व्हय?"

"भेटत न्हाई, अंदाज घेऊन राहिलो! अळीची आई हाय ती!"

"म्हंजी लेकरंबी हायत! किती?"

"हजारेक तरी..." (खरं बोलायची ही वेळ नव्हती.)

शर्ट दाणकन दगडावर आपटला. आत मी नव्हतो, एवढंच. मग पदर खोचून ती हेलीला बघायलाच निघाली. मागून मी, पाच सापळे घेऊन. पाचही सापळे तिनं आपल्या देखत लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच सापळ्यात अकरा पतंग.

"सगळे नर?" तिनं वाकून पाहिलं.

"सगळे."

"बावळट दिसून राहिलेत," ती म्हणाली, माझ्याकडं बघत. राग गेला होता, एवढं कळलं.

तिथून पुढं शेत तिच्या ताब्यात. तीन दिवस पतंग मोजले, निंबोळ्या कुटल्या, भिजवून गाळल्या. मास्क, हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या असं सगळं चढवल्यावरच मला पंप मिळाला. अळ्या निम्म्यावर आल्या, घाटे भरू लागले. उरलेल्या अळ्या पाखरांनी टिपाव्यात म्हणून त्यांना बसायला आम्ही आडव्या दांडीच्या काठ्या रोवल्या. रोवून रोवून माझी कंबर धरली. हात पसरून आळस देतोय, तोच एक कोतवाल पक्षी येऊन थेट माझ्या डोक्यावर बसला.

"हलू नका!" पुनम ओरडली. "अळ्या खायला आलाय तो!"

मी तसाच हात पसरून उभा. तेवढ्यात शेजारचा व्यंकटी बांधावरून चालला होता, तो थबकला.

"वहिनी, बुजगावणं पार फसलं की! पाखरू त्याच्याच डोक्यावर बसलंय."

"बुजगावणं न्हाई ओ, भावजी," पुनम म्हणाली. "एक काठी कमी पडली."