मधल्या बाकावरचे घोडे

सूनबाईने पायात चप्पल सरकवली, पर्स खांद्याला लावली आणि जाता जाता सगळं आजोबांच्या गळ्यात टाकलं.

"बाबा, तो खेळ हिने खेळावा की नाही, ते तुम्हीच सांगा. मी बोलले की भांडण होतं. संध्याकाळी दवाखान्यातून आले की एकदाचं काय ते ठरवू."

सूनबाई दातांची डॉक्टर. दुखणारा दात मुळासकट काढावा, अशा मताची.

"आजोबा, नीट बघा हं," नात म्हणाली. ती एका जागी कधी बसतच नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. "आईने एकदासुद्धा आत येऊन पाहिलेलं नाही. नुसतं बंद कर, बंद कर!"

"पेपर न वाचता मार्क द्यायची सवय नाही मला," आजोबा म्हणाले. सगळी नोकरी त्यांनी प्राथमिक शाळेत केली होती.

भिंगरीने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवून कानांवर हेडफोन चढवला. कशाने चालायचं, कशाने वस्तू खाली ठेवायची, ते भराभरा दाखवलं. "हे अख्खं जग आहे. कुठेही जा. आणि तिथली माणसं खरी असतात, आपापल्या घरून खेळणारी. तुम्ही बोललात की त्यांना ऐकू जातं. तो तबेला माझा. सगळे घोडे मी स्वतः रानातून पकडून आणलेत, वर्षभर खपून. सांभाळा!" आणि ती पोहायला पळाली.

आजोबा निळा झगा घालून डोंगरातून निघाले. म्हणजे पडद्यावरचं भिंगरीचं सोंग निघालं. दोनदा ओढ्यात पडून ते चौकात आले, तर तिथे शाळा सुटल्यासारखा गोंधळ. कोणी उड्या मारतोय, कोणी भिंतीवर डोकं आपटतोय, कोणी विनाकारण गोल गोल धावतोय. आजोबांचे हात शिवशिवले.

"अहो निळे, एक घोडा द्या ना," पोपट नावाच्या खेळाडूचा बारीक आवाज आला. "चालून चालून जीव गेला."

"मलापण!" "आधी मला!"

आजोबांनी तबेल्याकडे पाहिलं. घोडेच घोडे, आणि भिंगरी बसणार एकावर. त्यांच्या वर्गात एक पद्धत होती. रंगांची पेटी कोणाचीही असो, ती मधल्या बाकावर ठेवायची. हवा तो रंग घ्यायचा, काम झालं की परत ठेवायचा. एकही खडू कधी हरवला नव्हता.

त्यांनी सगळे घोडे चौकात आणून मोकळे सोडले. "एकेकाने घ्या. फेरी मारा आणि इथेच आणून ठेवा."

धुरळा उडाला. चौक रिकामा झाला. आजोबा वाट बघत उभे राहिले. मग खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. एकही घोडा परत येईना.

"अरे, परत ठेवायचं ठरलं होतं ना!"

"इथं सोडलेली वस्तू उचलणाऱ्याची होते, काका!" पोपट लांबून ओरडला.

आजोबा धावत सुटले आणि थेट कड्यावरून खाली गेले. पुन्हा जिवंत होऊन चौकात आले, तेव्हा निळा झगा कड्याखालीच राहिला होता. "पळू नका! एका रांगेत उभे राहा! ऐकू येतंय का?" त्यांचा आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरच्या बाई बेल वाजवून विचारायला आल्या, "काका, सगळं ठीक आहे ना? कोणाला मारताय?"

त्यांची समजूत घालून ते परत आले, तेवढ्यात कोणीतरी त्यांचे बूटही लांबवले होते.

अनवाणी सोंगाभोवती आता घोळका जमला. सगळे खिदळत होते. आजोबा रागावले नाहीत. दंगा करणाऱ्या वर्गापुढे ते नेहमी आवाज खाली आणत, तसा त्यांनी आणला.

"बरं. घोडे तर नेलेत. पण जाणार कुठे? पूर्व कुठली, ते तरी कळतं का?"

गोंगाट एकदम कमी झाला.

"नकाशात बाण असतो की," पोपट पुटपुटला.

"बाण नसेल तर? ती काठी जमिनीत रोवा. सावलीचं टोक कुठे आहे, खूण करा. बसा आता. पोपट, तूसुद्धा."

पोपट बसला. हळूहळू सगळे बसले. मागून एक जाड आवाज आला, "सर, मी टँकर चालवतो. आज सुट्टी आहे. मोठ्या माणसाने बसलं तर चालेल का?"

"पुढे ये, बाळ."

तास चांगलाच रंगला, पण घोडे काही आले नाहीत. ते आजोबांना आठवले तेव्हा दार उघडलं होतं आणि भिंगरी आईबरोबर आत येत होती.

"सगळे गेले?" भिंगरीने रिकामा तबेला पाहिला. "माझा तपकिरी घोडासुद्धा?"

"तो टँकरवाल्याने नेला." आजोबांची मान खाली गेली. "रागव मला. आता निकाल द्यायला मी लायक नाही. बंद कर म्हणालो, तर मुद्दाम केलं असं वाटेल. खेळ म्हणालो, तर तुझी मर्जी राखतोय असं."

भिंगरीचे ओठ थरथरले. मग ती एकदम म्हणाली, "म्हणजे उद्या चारा नाही घालायचा?"

"कसला चारा?"

"रोज घालावा लागतो. नाही घातला तर घोडे रुसतात, पळून जातात. सहलीलासुद्धा माझं लक्ष तिकडेच होतं. खाली सगळ्या मैत्रिणी खेळायला बोलवायच्या, पण जाताच यायचं नाही." तिने मोठा श्वास सोडला. "सुटले बाई! आई, नाही खेळत मी. झालं?" आणि ओल्या केसांनी ती जिना उतरून खेळायला गेलीसुद्धा.

सूनबाई आजोबांकडे वळली. "बाबा, कमाल केलीत! मी वर्षभर घसा फोडत होते." तिने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

"अगं थांब!"

टेबलावरच्या हेडफोनमधून जाड आवाज येत होता. "सर, सावली सरकली! आता पूर्व कशी काढायची?"

"हे कोण?"

"वर्गातली मुलं आहेत."

"मुलं? हा आवाज मुलाचा आहे?"

"एखाद्याला मिशा असतील," म्हणत आजोबांनी हेडफोन चढवला. "तास मध्येच कसा सोडू? उद्या उत्तर-दक्षिण घ्यायचंय. आज थोडा गृहपाठही दिलाय."

सूनबाई खिडकीशी गेली आणि खाली वाकून तिने हाक मारली, "भिंगरी, वर ये गं जरा! हा खेळ आजोबांनी खेळावा की नाही, ते तू बघून सांग."