मिठागरांच्या नाईकांनीं मुदतीचा कायदा केला त्याची हकीकत

सभा जिच्या लोभानें बसते आणि जिच्या कोपानें उठते, त्या प्रजादेवतेस प्रथम दंडवत. शके सतराशें त्र्याऐंशीं, दुर्मतीनाम संवत्सर, ते सालीं एके राज्यीं जें वर्तलें तें विश्वासू मुखें ऐकोन लिहिलें आहे. राज्याचें नांव पुसूं नये, ज्यानें त्यानें आपलें समजावें. त्या राज्यास राजा नव्हता, एकेचाळीस आसनांची सभा होती. प्रजेनें सभासद निवडावा, आणि एकदां निवडला तो मरेतों हालूं नये, ऐसी वहिवाट पडली, आणि मग बसतां बसतां कित्येकांचे गुडघे धरले, कित्येकांचे कान गेले, परंतु आसन सुटलें नाहीं. सभेसमोर एका थोर व्यापारी कोठीची माडी होती. सभासदांनीं दुपारीं जेवावें तें कोठींत, लेकींचीं लग्नें लावावीं तीं कोठीच्या मांडवांत, आणि नवल हें कीं कायद्याचे मसुदे लिहावयास सभेपाशीं स्वतःचा मनुष्यच नव्हता, ते कोठीचे मुतालिक, म्हणजे मुखत्यार कारभारी, केसोपंत यांनीं फुकट लिहून द्यावे. यांत सरकारचा खर्च वांचतो म्हणोन सर्व संतोषी होते. केसोपंत मोठे गोड, अंगरखा स्वच्छ, आवाज मऊ. सभेंत खांबाशीं अदबीनें उभे राहत, आणि ते खोकले कीं हात वर होत.

त्या सभेंत खाडीकांठचे गोमाजी नाईक भोईर म्हणोन एक सभासद होते. मिठागरांत पाय भाजून वाढलेला मनुष्य, जिभेचा तिखट, स्वतःची भाकर आणि सुके बोंबील फडक्यांत बांधोन आणीत, आणि बाकीचे सभासद नाकाला उपरणें लावीत. नाईकांच्या बारा गांवांचीं मिठागरें कोठीस हवीं होतीं, तेथें गलबतांचा धक्का बांधावयाचा होता. चौदा वर्षांत चार वेळां तैसा मसुदा आला आणि चारही वेळां गोमाजींनीं तो पाडला. कैसा? तर विसाजीपंत म्हणोन सभेचे वृद्ध दफ्तरदार होते, नऊ हजार रुमालांत कोणता कागद कोठें बांधला हें त्यांस मुखोद्गत होतें. मसुदा आला कीं ते मुकाट्यानें आंत जात, आणि मिठागरें रयतेचीं, सभेनेंही तीं कदापि घेऊं नयेत, ऐशा मजकुराची जुनी सनद आणोन गोमाजींचे हातीं देत. ती वाचली गेल्यावर हात वर करणें म्हणजे सभेची शपथ मोडणें, आणि तितकी लाज म्हाताऱ्यांत अद्याप शिल्लक होती.

परंतु गोमाजींचे मनास चैन पडेना. चाळीस असामी कोठीचें अन्न जेवून आसनावर डुलक्या घेतात हें पाहोन त्यांचे तळपायाची आग मस्तकीं जाई. मग त्यांनीं विचार केला कीं सगळा रोग फार दिवस बसण्याचा आहे, आणि भर सभेंत उठोन बोलिले, "सभासदानें पांच पांच वर्षांच्या दोन पाळ्या बसावें आणि घरीं जावें. आसन कोणाच्या बापजाद्यांचें नव्हे." ऐकतांच एकच कल्लोळ झाला. म्हातारे दांतओठ खाऊं लागले, एकानें तर पगडी आपटली, आणि बाहेर प्रजेनें गोमाजींस खांद्यावर घेतलें. आठ दिवस ऐसा दंगा चालला, आणि मग नवव्या दिवशीं सभा एकाएकीं शांत झाली आणि सर्वांनीं माना डोलाविल्या. तेव्हांच गोमाजींनीं ओळखावयाचें होतें, परंतु जयजयकार कानांत भरला असतां दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. केसोपंत हात जोडोन आले आणि म्हणों लागले, "नाईक, पुण्याचें काम आहे, मसुदा मी लिहितों. एकच पुसतों. सभासदांस मुदत आणि दफ्तरदारांस नाहीं? विसाजीपंत चाळीस वर्षें बसले आहेत. लोक म्हणतील, नाईकांनीं आपला मनुष्य तेवढा राखला." हा शब्द गोमाजींचे काळजास लागला. सचोटी हाच त्यांचा गर्व होता, आणि मुतालिकांनीं नेमकी तीच नस धरली. "लिहा," गोमाजी बोलिले, "दफ्तरदारही लिहा. आणि गेलेल्यानें पुन्हा सभेंत तोंड उघडूं नये हेंही लिहा, नाहीं तर हे म्हातारे दारांतून दोऱ्या हालवितील." केसोपंतांनीं फार सुंदर अक्षरांत लिहिलें.

गोमाजी घरीं आले तेव्हां कुटुंब हौसाबाई मिठाची रास लावीत होती. ऐकोन तिनें टोपली खालीं टाकिली. "अवो, त्या चाळिसांना घालवा, पन विसाजीपंतांनी तुमचं काय घोडं मारलंय? आपला कागुद फकस्त त्यांनाच गावतो."

"आपला मानूस ठेवला तं लोक काय बोलतील?"

"बोलूं दे. मिठागर गेलं तं ते लोक येनार हायेत का जेवाय घालायला?"

गोमाजी हंसले आणि तुला राजकारण कळत नाहीं म्हणाले. बायकोस ऐसें सांगणारे पुरुष त्या राज्यांत उदंड होते. विसाजीपंतांनीं तर तक्रारही केली नाहीं, इतकेंच पुसलें, "मी जातों, नाईक. रुमाल कोणास दाखवून जाऊं?" गोमाजी म्हणाले, "नवा दफ्तरदार येईल त्यास." नवा दफ्तरदार नेमावयाचा मसुदा मात्र कोणी लिहिलाच नाहीं, कारण मसुदे केसोपंत लिहीत. मूळ सनद सभेबाहेर नेऊं नये ऐसा नेम होता, आणि नेम मोडणें गोमाजींचे रक्तांत नव्हतें. रुमालाचा आंकडा तरी विचारून ठेवावा, तेंही त्यांस सुचलें नाहीं. चौदा वर्षें कागद आपोआप हातीं येत होता, तो येतच राहील ऐसें वाटलें. शहाणा मनुष्य चुकतो तो ऐसा, आणि लिहिणारास आजही त्याचा संताप येतो.

मग शके सतराशें पंचाऐंशीं, रुधिरोद्गारीनाम संवत्सरीं कायदा लागू झाला आणि सभा रिकामी झाली. म्हातारे हंसत हंसत गेले, फार दूर नव्हे, समोरच कोठींत त्यांस सल्लागार म्हणोन चाळीस गाद्या मांडिल्या होत्या, तेथें जाऊन बसले. विसाजीपंत गांवीं गेले आणि नवी सभा भरण्याआधींच वारले. गोमाजीही आसन सोडोन मान ताठ ठेवोन पायीं घरीं आले. मग नवे सभासद निवडून आले. तरुण, नेक, कोठीचें पाणीही न शिवणारे. परंतु कामकाज कोठून आरंभावें, जुने कागद कोठें असतात, मसुद्यांत काय पाहावें, हें एकासही ठाऊक नव्हतें. खांबाशीं केसोपंत उभे होतेच. त्यांस आसन नव्हतें म्हणोन मुदतही नव्हती. पोरें त्यांस काका म्हणों लागलीं आणि अडलें कीं त्यांसच पुसों लागलीं.

पांचव्या दिवशीं धक्क्याचा मसुदा आला. गोमाजी धांवत राजधानीस पातले, तों चोपदारानें उंबऱ्याशीं अडविलें. खाडीच्या आसनावर दामोजी कडू म्हणोन तरुण बसला होता, गोमाजींनींच पुढें केलेला. त्यानें बाहेर येऊन पाय धरिले. "नाईक, सनद कुठं हाय सांगा, मी वाचतू."

"दफ्तरात."

"कंच्या रुमालात?"

तो आंकडा गोमाजींनीं कधीं पुसलाच नव्हता. मग म्हणाले, "मला आत येऊ दे. मी तोंडी सांगतो, मजकूर मला पाठ हाय."

दामोजीचे डोळे भरले. "गेलेल्यानं तोंड उघडायचं नाय. तुमचाच कायदा हाय, नाईक. आन् आपल्यापुरता कायदा वाकवायचा नाय, हे पन तुमीच शिकवलं."

मग दामोजीनें आंत जाऊन सनदेची गोष्ट काढिली आणि सभासदांनीं ती मनापासून ऐकिली, कोणी थट्टा केली नाहीं. एकानें पुसलें, "काका, ऐसा कागद आहे काय?" केसोपंत बोलिले, "बाळांनो, माझ्या पाहण्यांत नाहीं. आणि कागदावांचून बोलणें तुम्हांस शोभत नाहीं." दफ्तराच्या दारास कुलूप होतें, किल्ली कोणापाशीं हें कोणी विचारिलें नाहीं. चाळीस हात वर झाले, एकट्या दामोजीचा नाहीं. गोमाजी उंबऱ्याबाहेर उभे राहोन मोजीत होते.

पुढें कोठीचे गडी आले आणि मिठागरांचे बांध फोडिले. बारा गांवचे लोक नाईकांचे अंगणांत येऊन बसले आणि दिवस मावळतां उठोन गेले. एके दिवशीं हौसाबाईनें बाजारांतून मीठ विकत आणिलें, जें सात पिढ्यांत त्या घरीं झालें नव्हतें. ताटांत वाढोन म्हणाली, "जेवा. आता तुमाला कोन नावं ठेवनार नाय." गोमाजी घांस हातीं धरोन रडले.

एवंच मिठागरें गेलीं, धक्का झाला, तिसरे वर्षीं नाईक वारले. त्या नव्या सभेंत एकाही सभासदानें कोठीकडून लांच घेतली नाहीं, हें लिहिणारा शपथेवर सांगतो. कोणी देऊं केलीच नव्हती, देण्याचें कामच उरलें नव्हतें.