आधी साल लिहिणारा बळीराम

इरा, निखिल, पोरांनो, लोणच्याच्या बरणीवर मी '१०-११' लिहिलं, तर शेजारच्या बळीरामचा घास घशातच अडकला.

"काकू, हे दहा नोव्हेंबर का अकरा ऑक्टोबर?"

"अरे, लोणचं आहे. मुरलंय ना, झालं!"

"लोणचं समजून घेईल हो. मशीन समजून घेत न्हाई!"

बळीराम नांदेडच्या एका दवाखान्यातले संगणक सांभाळतो आणि कळमनुरीहून रोज जा-ये करतो. त्याच्या शर्टाचं एखादं बटण हमखास चुकीच्या काजात असतं, पण तारखेत आधी साल, मग महिना, मग दिवस. त्याचं कारण त्याने मला तीनदा समजावलंय. दवाखान्याच्या नोंदींची रोज एक प्रत निघते आणि तिला तारखेचंच नाव मिळतं. नावात दिवस आधी आला, तर साऱ्या महिन्यांच्या एक तारखा एका रांगेत बसतात. मग जुन्या प्रती पुसायला सांगितलं की मशीन भलतंच पुसून टाकतं. म्हणून आज्ञा लिहिताना साल मागवणारी '%Y' ही खूण पहिली. "टक्का वाय आधी, काकू!" हे तो नमस्कारासारखं म्हणतो. लग्नपत्रिकेवरची तारीखसुद्धा पेनाने दुरुस्त करून मगच कपाटावर ठेवतो.

बस आखाडा बाळापूरला पोचली की त्याला हटकून शंका येते आणि माझा फोन वाजतो. "काकू, आईच्या खोलीचं दार लोटलंय ना?" त्याच्या आईकडे दिवसा मी लक्ष ठेवते. बाई शाळेत गणित शिकवायच्या. आता त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही, म्हणून बळीरामने त्यांच्यासमोर आजचा वार सांगणारी एक स्क्रीन लावली आहे.

गेल्या बुधवारी दुपारी फोन आला.

"काकू, घरचं मशीन मधेच बंद पडलेलं दिसतंय इथं. लाइट गेलती काय?"

"आत्ताच आली."

"मग पळा! आईसमोरची स्क्रीन बंद करा. काल नवं मशीन बसवलंय. बंद होऊन चालू झालं की ते आपल्या मनानं अख्खी तारीख दाखवतं."

"दाखवू दे की. साल आधी नाही, एवढंच ना?"

"काकू, पळा हो!"

माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. तरी पळाले.

बाई स्क्रीनसमोर बोटं मोजत बसल्या होत्या. "बारा वर्षं झाली यांना जाऊन," त्या म्हणाल्या. "आन् मी सकाळपासून वाट बघून राहिले!"

मी स्क्रीन बंद केली. त्यांचं रडू काही मला बंद करता आलं नाही. रडून रडून त्या झोपी गेल्या.

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बळीराम धापा टाकत आला. "साल दिसलं की ती आबा गेले त्या सालाची वजाबाकी करते, काकू. दर टायमाला आबा तिच्यासाठी तेव्हाच जातात."

त्याने आज्ञा नव्याने लिहिली.

"टक्का वाय?" मी विचारलं.

"इथं न्हाई."

बाई उठल्या, तेव्हा समोर ठळक मराठीत होतं: आज बुधवार. आबा शेतावर मुक्कामी. बळीराम घरीच आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पदर खोचला. "म्हंजे उद्या गुरुवार. यांचा उपास. साबुदाणा भिजवाय पाहिजे."

"तू बस, आई. मी भिजवतो," बळीराम म्हणाला आणि त्याने आबांना धरून तिघांपुरता साबुदाणा भिजवला.