सासूबाईंच्या बारा बादल्या

पिंप्राळ्याच्या त्या घरात मागच्या खोलीत पाण्याचा थेंबही न्यायला बंदी होती. प्रा. शालिग्राम यांनी लिथियममध्ये ॲल्युमिनियम मिसळून बॅटरीसाठी एक चकती बनवली होती. नुसतं लिथियम पुन्हापुन्हा चार्ज केलं की त्याला धातूचे केस फुटतात. ही चकती मात्र टकलीच राहत होती आणि प्राध्यापक तिच्यावर बेहद्द खूश होते. फक्त तिला दमट हवा सोसणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून प्रयोगाला त्यांनी मुहूर्त निवडला तो एकोणनव्वदच्या मे महिन्याचा, जळगावच्या कोरड्या फुफाट्याचा.

अठ्ठेचाळीस वेळा चार्ज होऊनही चकती शाबूत होती. पुण्याच्या गाइडना मात्र हे पटेना, कारण त्यांच्या चकत्यांचा दहाव्या खेपेलाच भुगा होई. रविवारी ते स्वतः बघायला येणार होते. पटलं तर पीएच.डी., नाहीतर चार वर्षांची मेहनत वाया.

शालिग्राम त्यांना आणायला स्टेशनवर गेले. गाडी तीन तास लेट. इकडे धुळ्याहून आलेल्या सासूबाई, धुरपदाबाई, पाहुणे यायचे आणि बंद खोली अशी तापलेली, हे पाहून कळवळल्या.

"पाहुना यी राहिना, नि खोलीनी भट्टी व्हयी जायेल शे!"

लेक प्रमिला बाजारात गेलेली. शेजारच्या सुकदेवला हाताशी धरून त्यांनी कूलर त्या खोलीच्या खिडकीला लावला.

गाइड आत येताच "अहाहा!" म्हणाले. शालिग्राम टेबलाकडे धावले. चकतीच्या भांड्याच्या तळाशी राखाडी भुगा होता. ते मटकन खाली बसले.

"प्रमिला, आईंना सांगितलं नव्हतंस?" बाजारातून परतलेल्या बायकोला त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं की, खोलीत पाणी नेऊ नको म्हणून. तिनं नेलंच नाही. बाहेरून ओतलं."

"मोजीसन बारा बादल्या," धुरपदाबाई पदराआडून लेकीला म्हणाल्या. जावयाशी थेट बोलायची त्यांच्याकडे रीत नव्हती. "गार वाटस का नही, इचार त्यासले."

गाइड भुगा निरखत होते. "शालिग्राम, माझ्या चकत्या अगदी अशाच फुटतात." त्यांनी घसा खाकरला. "मी त्या जुलैत बनवतो."

म्हणजे खोट मिश्रधातूत नव्हतीच, पुण्याच्या हवेत होती! शालिग्राम ताडकन उठले.

"एकदा झालं म्हणजे सिद्ध होत नाही," गाइड म्हणाले. "दुसरी चकती काढा. कूलर असाच, बादल्या बाराच."

पण एव्हाना आपल्या बादल्यांनीच जावयाची चकती गेली, हे धुरपदाबाईंना कळलं होतं. त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या.

"जावाईनं नुकसान करी टाकं मी. आते हात बी लावाव नही!"

मग एक डॉक्टर आणि एक होऊ घातलेला डॉक्टर तासभर हात जोडून उभे राहिले.

पुढच्या वर्षी प्रबंध मंजूर झाला. त्यातल्या एका तक्त्यात 'आर्द्रतेचा स्रोत' या रकान्यात 'सासूबाई' असं लिहिलं आहे. गाइडनी ते खोडलेलं नाही.