शेवाळमुक्त प्रवाळ, शंभरपैकी शंभर

सर्व सरकारी मालमत्तांची स्वच्छता एकाच तक्त्यावर तपासावी, असा आदेश निघाला. समुद्रातलं प्रवाळही सरकारी मालमत्ताच. त्यामुळे कार्यालयांची स्वच्छतागृहं आणि प्रवाळाच्या रांगा यांना एकच तक्ता लागू झाला. डाग किती, शेवाळ किती, जीवजंतूंचा वावर किती. काहीच नसेल तर शंभरपैकी शंभर. मी प्रवाळ कार्यालयात मुख्य कारकून आहे. तक्ते भरणं माझं काम, विचार करणं वरच्यांचं; आणि वरच्यांनाही वर कोणीतरी असल्यामुळे ते निवांत असतात.

पहिल्याच वर्षी उत्तरेकडचं प्रवाळ पांढरंफटक पडलं. शेवाळ नाही, मासे नाहीत, औषधाला खेकडा नाही. शंभर गुण! साहेबांना ढाल मिळाली, ती त्यांनी खुर्चीमागे टांगली आणि सत्काराला प्रयोगशाळेतल्या बाईंनाही बोलावलं. या बाई समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून आणतात आणि तपासतात. त्यांनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं, ही त्यांची पहिली चूक.

"साहेब, ते स्वच्छ नाही झालं, मरतंय. प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळच त्याला जेवू घालतं. पाणी तापलं की प्रवाळ त्याला बाहेर काढतं आणि उपाशी पडतं. त्यात आपल्या धुरातला वायू पाण्यात विरतो, आम्लता वाढते, मग बिचाऱ्याला सांगाडाही धड बांधता येत नाही."

"आम्लता म्हणजे ॲसिडच ना?" साहेबांनी विचारलं.

"तसं म्हणा हवं तर, पण..."

"मग बाई, घरी फरशी कशानं घासता?"

अख्खं कार्यालय खो खो हसलं. मीही हसलो. बढतीची यादी साहेबांच्याच टेबलावर होती.

दक्षिणेकडचं प्रवाळ मात्र निर्लज्जासारखं रंगीत राहिलं होतं. जांभळं काय, पिवळं काय, वर माशांची वर्दळ! शून्य गुण. 'अस्वच्छ मालमत्ता' असा शेरा बसला आणि उपाय ठरला: वीजकेंद्राचं गरम पाणी पाइपानं तिकडे सोडायचं. 'प्रवाळ धुलाई योजना' हे नाव मीच सुचवलं. नियमाप्रमाणे तीस दिवस हरकती मागवल्या.

एकोणिसाव्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आला. तो पाणबुड्या, त्याचं घर दक्षिणेच्या किनाऱ्यावर, प्रवाळाच्या अगदी समोर.

"दादा, लाट आधी त्या प्रवाळावर फुटते, म्हणून आमच्या दारात नुसता फेस येतो. ते मेलं आणि झिजलं, तर पाणी थेट स्वयंपाकघरात शिरेल. घ्या लिहून माझी हरकत."

मी लिहून घेतली. साहेबांनी ती वाचली आणि नियमावली उघडली. हरकत घेणाऱ्याचा त्या विषयात हितसंबंध नसावा, असं एक कलम होतं.

"याचं तर घरच आहे तिथे," साहेब म्हणाले. "सरळसरळ हितसंबंध. फेटाळा."

"अहो साहेब, पण ज्याचं तिथे काहीच नाही, तो कशाला हरकत घ्यायला येईल?" मेहुणा म्हणाला.

"नाहीच येणार. म्हणून तर आमचे निर्णय निःपक्षपाती असतात."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टाचण्यांची डबी उघडून टाचण्या सारख्या करत बसलो. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? तरी 'फेटाळली' हा शिक्का मीच मारला.

पाणी सोडलं. चार महिन्यांत प्रवाळ पांढरं झालं, बाईंची बदली तळघरातल्या जुन्या फायलींकडे झाली आणि दुसरी ढाल आली. पुढच्या दोन वर्षांत प्रवाळ ठिसूळ होऊन ढासळत गेलं. मग एका मोठ्या भरतीला, भर दुपारी, बहिणीच्या घराची समुद्राकडची भिंत आडवी झाली. माणसं वाचली एवढंच. साहेबांनी जातीनं पाहणी केली आणि कारणाच्या रकान्यात 'घर समुद्राच्या फार जवळ' असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बहीण ओलं गाठोडं घेऊन कार्यालयात आली. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, आमच्या घरची हरकत फेटाळली, ठीक. पण एवढ्या मोठ्या शहरात दुसऱ्या कोणालाच काही वाटलं नाही?"

मी हरकतींची वही तिच्यासमोर ठेवली. तीस दिवसांची तीस पानं. एकोणिसावं सोडलं तर सगळी कोरी. नोटीस वर्तमानपत्रात होती, बसथांब्यावर होती, हे वाचणाऱ्या तुमच्या फोनवरही आली होती. आणि तुमचा तर तिथे कसलाच हितसंबंध नव्हता! तुमची हरकत साहेबांच्या बापालाही फेटाळता आली नसती.

बहिणीनं ती वही बाजूला सारली आणि शेजारची जाडजूड वही ओढली. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघून आलेले लोक तिच्यात अभिप्राय लिहितात. चाळता चाळता ती एका पानावर थांबली आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. "पांढरंशुभ्र प्रवाळ पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. फोटो तर अप्रतिम आले. कार्यालयाचं मनापासून अभिनंदन."

खाली तुमची सही होती आणि पूर्ण पत्ता. बहिणीनं तो उतरून घेतला आहे. संध्याकाळपर्यंत पोचतील ती दोघं नवरा-बायको, गाठोड्यासकट. घर कोरडं आहे ना तुमचं?