हरगिल्याचे डोहाळे

आमच्या नहरबारी गावाची हवा उत्तम असल्याचे शासनाने जाहीर केले आहे. पुरावा म्हणजे गावाच्या थोरल्या ताई, निरुपमा बाइदेव, यांच्या कदंबावरची हरगिल्यांची घरटी. हा टकला, थोराड करकोचा जिथे राहतो तिथले पर्यावरण निरोगी, असे धोरण आहे. तो कदंबाशेजारच्या कचऱ्याच्या ढिगावर जेवतो, याबद्दल धोरण काही बोलत नाही.

आमच्या बायकांचा या पक्ष्यावर भारी जीव. अंडी घालायच्या दिवसांत त्या कदंबाखाली त्याचे डोहाळजेवण करतात, तांदळाचा गोड पिठा वाढतात, गाणी म्हणतात. ही प्रथा बाइदेवांनीच सुरू केली. यंदा मात्र गाणी सोडून त्यांनी पर्यावरण अधिकारी हाजरिकांना गाठले.

"भाऊ, तो ढीग हलवा. माझी जोनाली आडवी झाली की घुसमटते. नात आहे हो माझी!"

"असं कसं होईल, बाइदेव? हवा वाईट असती तर पक्षी राहिला असता का?"

"पक्षी शेंड्यावर राहतो. आम्ही खाली राहतो."

"धोरण शेंड्यापुरतंच आहे," हाजरिका नम्रपणे म्हणाले.

बाइदेव हातमाग उचलून कचेरीच्या दारातच विणायला बसल्या. साहेबांना आत-बाहेर करता येईना, तेव्हा कुठे ढीग हलला. जोनाली उशीवर डोके टेकून शांत झोपली. हरगिले मात्र उडून गेले, आणि गाव 'निरोगी'वरून 'चिंताजनक'वर घसरले. राजधानीतून पथक आले, त्याने खोल श्वास घेतला. "हवा छान आहे," प्रमुख म्हणाले, "पण त्याला आधार काय?"

मग ढोल बडवत, शिंगाचा पेपा फुंकत कचरा परत आणला गेला. बाइदेव आडव्या आल्या, तेव्हा हाजरिका हात जोडून म्हणाले, "गरोदर जिवाचे डोहाळे मोडायचे का, बाइदेव? हे तर तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

बाइदेव बाजूला झाल्या. मला फार वाईट वाटले. तिथे मीही पिशवी घेऊनच उभा होतो. पूर्वी आम्ही कचरा चोरून टाकायचो, आता हरगिल्याची ओटी भरतो.

पक्षी परतले, गाव पुन्हा निरोगी झाले. जोनालीला शिलाँगला मावशीकडे धाडावे लागले. ती गेल्याने गावाच्या निरोगीपणात काही उणे झाले नाही, कारण त्यात मुले धरत नाहीत.

पुढचे डोहाळजेवण लवकरच आहे. तुम्हीही अगत्य या. मात्र रिकाम्या हाताने येऊ नका. सकाळी दाराबाहेर ठेवून जी विसरता, ती पिशवीच घेऊन या.